बीट, मावा आणि मधमाशी



या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा युनियनच्या कचेरीत एका जुन्या सहकाऱ्याने आम्हांला हटकले, “अण्णा, आपला मुलूख उसाचा. फ्रान्समधल्या बीटवर तुम्ही तासभर काय बोलणार?” प्रश्न रास्त होता. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते साखर कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. शेतकीशास्त्राचे पंडित म्हणून आम्ही येथे उभे नाही. परंतु सरकारने एखाद्या वस्तूवर बंदी घातली की तिचा खर्च शेवटी कोणाच्या खिशातून जातो, हा हिशेब आम्ही तीस वर्षे मांडीत आलो आहोत. युरोपातील बीटच्या प्रकरणात तो हिशेब जितका उघडा पडला आहे तितका दुसरीकडे क्वचितच पडतो. म्हणून हा विषय.

प्रथम हे पीक समजून घेऊ. आपण कोशिंबिरीत घालतो ते तांबडे बीट निराळे. साखरेचे बीट त्याचेच भावंड, पण रंगाने पांढरे आणि जाड मुळ्यासारखे खाली निमुळते होत गेलेले. 1747 साली बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ मारग्राफ यांनी दाखवून दिले की बीटमधील साखर आणि उसातील साखर या दोन वस्तू नसून एकच आहेत. त्यांचे शिष्य आखार्ड यांनी 1801-02 च्या सुमारास सायलेशियात बीटपासून साखर करण्याचा पहिला कारखाना उभारला. पण या पिकाला खरे बाळसे आले ते नेपोलियनच्या काळात. समुद्रावर इंग्रजी आरमाराचा पहारा होता. वेस्ट इंडीजच्या बेटांवर गुलामांच्या घामावर पिकणारी उसाची साखर फ्रान्सला पोहोचेनाशी झाली. तेव्हा 1811 साली नेपोलियनने हजारो हेक्टर जमीन बीटखाली आणण्याचा हुकूम काढला. सांगायचे तात्पर्य, हे पीक वाढले तेच सरकारी हुकुमाच्या आधाराने. त्यानंतर दोनशे वर्षे जकात, कोटा, हमीभाव यांचे कुंपण त्याच्याभोवती कमी-अधिक प्रमाणात राहिले. आज जगातील साखरेपैकी साधारण पाचवा हिस्सा बीटची असते, बाकीची उसाची.

बीटची पेरणी मार्च-एप्रिलमध्ये होते आणि सप्टेंबरपासून काढणी लागते. कंदात सोळा ते अठरा टक्के साखर असते. कारखान्यात उसासारखे गाळप नाही. कंद धुऊन त्याचे बारीक काप करतात, ते काप गरम पाण्यात फिरवून साखर उतरवून घेतात, मग चुन्याने रस शुद्ध करणे, आटविणे आणि दाणा पाडणे हे सारे आपल्यासारखेच. चिपाड मात्र निघत नाही. म्हणून बॉयलरला विकतचे जळण लागते. उरलेला लगदा गुरांच्या पोटात जातो.

या वर्णनातील दोन गोष्टी आपण ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढील सर्व वाद त्यांच्यावर उभा आहे. पहिली, बीट हे दोन वर्षांचे झाड आहे. पहिल्या वर्षी ते कंदात साखर साठविते आणि दुसऱ्या वर्षी फुलते. शेतकरी ते पहिल्याच वर्षी उपटतो. म्हणजे साखरेच्या बीटला शेतात फूल येतच नाही. दुसरी, बीट जड आणि नाशिवंत असल्यामुळे ते फार लांब नेणे परवडत नाही. कारखाना जवळच लागतो. पीक घटले की कारखाना बंद पडतो आणि कारखाना बंद पडला की आसपासचे उरलेसुरले पीकही जाते. आपल्या साखरपट्ट्यातील माणसाला हे अधिक फोडून सांगण्याची गरज नाही.

आता रोगाकडे वळू. मावा आपल्या शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. पानाच्या पाठीमागे बसून रस शोषणारा हा मऊ अंगाचा किडा. बीटवर जो येतो तो हिरवा मावा. त्याने रस शोषल्याने होणारे नुकसान किरकोळ असते. खरा घात निराळाच आहे. या माव्याच्या सोंडेतून विषाणू एका झाडातून दुसऱ्या झाडात जातात. हे विषाणू एक नव्हेत, तीन-चार प्रकारचे आहेत. ते शिरले की काही आठवड्यांत पाने पिवळी पडतात, जाड होतात, खुळखुळू लागतात. पिवळ्या पानाला उन्हाची साखर करता येत नाही, म्हणून कंद लहान राहतो. झाडाला दहा-बारा पाने फुटण्यापूर्वी लागण झाली तर सर्वांत वाईट. विषाणूंपैकी अधिक तीव्र प्रकारात निम्म्यापर्यंत पीक जाऊ शकते.

हिवाळ्यात कडक बर्फ पडले की मावा बहुतांशी मरतो आणि वसंतात उशिरा येतो. तोवर झाड मोठे झालेले असते. हिवाळा उबदार गेला की मावा जगतो आणि एप्रिलमध्येच, झाडाला चार पाने असताना, उडत येऊन बसतो. म्हणजे हा रोग दर वर्षी सारखा येत नाही. तीन वर्षे काही नाही आणि चौथ्या वर्षी दरोडा, असा त्याचा स्वभाव आहे. आमच्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली येथेच आहे. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

या दरोड्यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस एक नामी कुलूप सापडले. 1990 नंतर इमिडाक्लोप्रिड नावाचे औषध बाजारात आले. मागोमाग थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन आली. या घराण्याला निओनिकोटिनॉइड म्हणतात, कारण ती तंबाखूतील निकोटिनसारखी किड्याच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात. आपल्याकडे कापूस, भात, भाजीपाला करणाऱ्या शेतकऱ्याला ही नावे तोंडपाठ असतात. बीटच्या बाबतीत ते फवारावे लागत नाही. बियाण्याच्या गोळीवरच त्याचा लेप देतात. बी रुजले की औषध मुळातून शिरून पानापानांत पसरते. पुढचे दोन-अडीच महिने पानाला सोंड लावील तो मावा मरतो. शेतकऱ्याला पंप पाठीवर घ्यावा लागत नाही, रात्रीची झोप मोडावी लागत नाही. बी पेरले की विमा उतरला. सुमारे पंचवीस वर्षे युरोपातील बीट उत्पादक या विम्यावर निर्धास्त होते आणि पिवळ्या रोगाची नवी पिढीला जवळजवळ ओळखही राहिली नाही.

परंतु लेपातील औषध जाते कोठे? संशोधनातून दिसून आले की त्यातील अल्प भागच, फार तर पाचवा हिस्सा, पिकात शिरतो. बाकीचे मातीत राहते, पाण्याबरोबर वाहते, बांधावरच्या रानफुलांत आणि पुढील वर्षीच्या पिकांत उतरते. फ्रान्समधील मधपाळांनी 1990 नंतरच्या दशकात सूर्यफुलाच्या शेतांजवळ पोळी ओस पडत असल्याची तक्रार सुरू केली होती. 1999 साली तेथील सरकारने सूर्यफुलाच्या बियाण्यावर इमिडाक्लोप्रिड वापरणे थांबविले. 2012 साली फ्रेंच संशोधकांनी मधमाश्यांच्या पाठीवर अतिसूक्ष्म खुणेचे बिल्ले चिकटवून एक प्रयोग केला. थायामेथोक्झामचा जीवघेणा नसलेला अल्प अंश पाजलेल्या माश्या बाहेर सोडल्या, तर त्यांतील पुष्कळशा परत घरीच आल्या नाहीत. औषधाने त्या मेल्या नव्हत्या. त्या वाट चुकल्या होत्या. दिवसभर राबून संध्याकाळी घराचा रस्ता न सापडणे म्हणजे काय, याची कल्पना मजुराला अधिक येते.

2013 साली युरोपीय संघाने, माश्या ज्या पिकांवर जातात त्यांच्यापुरती, तीन प्रमुख औषधांवर बंधने घातली. बीटला त्या वेळी वगळले, कारण त्याला फूल येत नाही. पुढे असे दिसून आले की प्रश्न केवळ त्या पिकाच्या फुलाचा नाही. मातीत राहिलेल्या औषधाचा आणि त्या जागी नंतर येणाऱ्या पिकांचाही तो आहे. 2018 च्या एप्रिलमध्ये सदस्य राष्ट्रांनी मतदान केले आणि त्या वर्षअखेरपासून ही तीन औषधे काचगृहाबाहेर कोठेही वापरण्यास मनाई झाली. फ्रान्सने तर 2016 च्याच कायद्याने संपूर्ण घराण्यावर 1 सप्टेंबर 2018 पासून बंदी ठरविलेली होती. म्हणजे शेजारच्या जर्मनीत याच घराण्यातील ॲसिटामिप्रिड हे चौथे औषध चालू राहिले आणि फ्रान्समध्ये तेही बंद झाले. फ्रेंच शेतकऱ्याच्या मनातील सल तेथून सुरू होतो.

बंदीला दोन वर्षेही झाली नव्हती आणि 2020 साल उजाडले. हिवाळा उबदार गेला होता. मावा एप्रिलमध्येच आला. बाजारात पर्यायी फवारण्या होत्या, पण जुन्या औषधांना हा मावा केव्हाच सरावला होता आणि उपयोगी पडतील अशी औषधे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. जूननंतर पॅरिसच्या दक्षिणेकडील शेते पिवळी दिसू लागली. 2019 साली फ्रान्समध्ये सुमारे 3 कोटी 80 लाख टन बीट निघाले होते. 2020 साली ते सुमारे 2 कोटी 60 लाख टनांवर आले. उत्तरेकडील शेते पुष्कळशी वाचली. दक्षिणेकडील काही शेतकऱ्यांचे निम्मे पीक गेले.

शेतकऱ्याची स्थिती त्याआधीच नाजूक होती, हे येथे सांगितले पाहिजे. 2017 च्या सप्टेंबरअखेर युरोपीय संघाने साखरेचा कोटा रद्द केला होता. त्या वर्षी टनामागे 490 युरोंच्या आसपास असलेला भाव 2019 च्या आरंभी 320 युरोंच्याही खाली आला. एका बाजूने भाव कोसळला, दुसऱ्या बाजूने पीक कोसळले. वर्तमानपत्रांनी मात्र सारी कथा “मधमाशी विरुद्ध शेतकरी” अशी रंगविली. भाव कोणी पाडला हा प्रश्न त्या गलबल्यात मागे पडला. आम्हां कामगारांना ही युक्ती परिचयाची आहे. दोन गरजवंतांची झुंज लावून दिली की तिसऱ्याकडे कोणी पाहत नाही.

फ्रान्सच्या सरकारने मग माघार घेतली. 14 डिसेंबर 2020 च्या कायद्याने केवळ बीटसाठी आणि केवळ 2023 पर्यंत अशी सवलत मिळाली. तोवर संशोधन करून पर्याय शोधायचा होता. 2021 आणि 2022 मध्ये लेप दिलेले बी पुन्हा पेरले गेले. दरम्यान बेल्जियममधील अशाच सवलतींविरुद्ध पर्यावरणवादी संस्था आणि एक मधपाळ न्यायालयात गेले होते. 19 जानेवारी 2023 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की जे बियाणे संघाने स्पष्टपणे निषिद्ध केले आहे त्याला तातडीच्या नावाखाली कोणतेही राष्ट्र सवलत देऊ शकत नाही. चारच दिवसांनी फ्रान्सने तिसऱ्या वर्षाची सवलत सोडून दिली. पेरणी दोन महिन्यांवर होती. बियाण्याच्या मागण्या नोंदविल्या गेल्या होत्या. 8 फेब्रुवारीला शेकडो ट्रॅक्टर पॅरिसच्या रस्त्यावर आले.

संप ऐन हंगामात का होतो, असे आम्हांला नेहमी विचारतात. माणसाला निर्णय ऐन हंगामात कळविला तर तो रस्त्यावरही ऐन हंगामातच येणार. त्या शेतकऱ्यांचे मागणे सर्वस्वी बरोबर होते असे आम्ही म्हणत नाही. न्यायालयाचा निकाल आम्हांला योग्य वाटतो. पण दोन वर्षांची सवलत हा पूल होता आणि पलीकडचा काठ बांधून होण्यापूर्वीच तो काढून घेतला गेला, ही त्यांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये तेरेओस या मोठ्या साखर संस्थेने उत्तर फ्रान्समधील एस्कोदव्र येथील कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. 123 नोकऱ्या गेल्या. लक्षात घ्या, तेरेओस ही खाजगी पेढी नाही. ती हजारो बीट उत्पादकांची सहकारी संस्था आहे. बीटचे क्षेत्र घटणार, इतके कारखाने चालविण्याइतका माल मिळणार नाही, असे कारण देण्यात आले आणि त्यात बंदीचा उल्लेख ठळक होता. परंतु बंदीचा कस लागण्यापूर्वी, 2020 सालीच, भाव पडल्यामुळे फ्रान्समधील चार साखर कारखाने अन्य दोन संस्थांनी बंद केले होते. मग एस्कोदव्रचे 123 कामगार कोणी घालविले? माव्याने, मधमाशीने, न्यायालयाने, की कोटा रद्द करणाऱ्यांनी? थोडे थोडे सर्वांनीच, असे प्रामाणिक उत्तर द्यावे लागेल. मात्र त्या कामगारांना या प्रश्नावर कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. सवलतीच्या कायद्यात मधमाशीचा विचार झाला, शेतकऱ्याचा झाला. बॉयलरवरच्या माणसाचे नाव त्यात नव्हते.

इंग्लंडने वाट थोडी निराळी धरली. तेथे दर वर्षी सरकार सशर्त परवानगी देई. 1 मार्चला रॉथमस्टेड येथील संशोधन संस्था हिवाळ्याच्या थंडीवरून अंदाज सांगे की यंदा रोग किती टक्के पिकावर येईल. ठरलेल्या मर्यादेपेक्षा अंदाज अधिक असेल तरच लेपाचे बी वापरायचे. 2021 साली मर्यादा 9 टक्के होती, थंडी चांगली पडली, अंदाज 8 टक्क्यांच्या थोडा वर थांबला आणि बी वापरले गेले नाही. 2022 साली अंदाज 69 टक्क्यांचा आला आणि ते वापरले गेले. 2023 आणि 2024 मध्येही तसेच घडले. जानेवारी 2025 मध्ये मात्र नव्या सरकारने परवानगी नाकारली. या पद्धतीत एक शहाणपण आहे. चोर येणार नसेल त्या रात्री बंदूक झाडायची नाही.

फ्रान्समधील वाद तेथे थांबला नाही. जुलै 2025 मध्ये तेथील संसदेने ॲसिटामिप्रिडला पुन्हा दार किलकिले करून देणारा कायदा मंजूर केला. एका विद्यार्थिनीने त्याविरुद्ध अर्ज सुरू केला आणि थोड्याच दिवसांत त्यावर 20 लाखांहून अधिक सह्या पडल्या. 7 ऑगस्ट 2025 रोजी तेथील घटना परिषदेने तेवढे कलम रद्द केले. परिषदेचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. 2020 च्या सवलतीला तिने हरकत घेतली नव्हती, कारण ती एका पिकापुरती आणि ठरावीक मुदतीपुरती होती. 2025 च्या कलमाला पिकाची, मुदतीची पुरेशी मर्यादाच नव्हती. अपवाद हा अपवादासारखा दिसला पाहिजे, एवढेच ती म्हणाली.

आता मघाच्या किल्लीकडे येऊ. 2023 आणि 2024 मध्ये फ्रान्समध्ये लेपाशिवाय बीट पेरले गेले. 2020 सारखा अनर्थ त्या दोन्ही वर्षी झाला नाही. मग शेतकऱ्यांची ओरड खोटी होती काय? नाही. दरोडा दोन रात्री पडला नाही म्हणून दरोडेखोर नाहीत असे होत नाही. पण लेप मात्र दर वर्षी, प्रत्येक हेक्टरावर, मावा येवो वा न येवो, दिला जात होता. याचा अर्थ असा की ते औषध नव्हतेच. तो विमा होता, आणि त्याच्या हप्त्याचा मोठा भाग शेतकरी भरत नव्हता. तो मधमाशी भरत होती, माती भरत होती, ओढ्याचे पाणी भरत होते. बंदीने तो हप्ता बंद झाला, हे उत्तम झाले. पण त्या विम्याच्या जागी दुसरा विमा कोणी उतरविला नाही. जोखीम तशीच राहिली. फक्त ती सर्वांच्या खांद्यावरून उतरून एकट्या शेतकऱ्याच्या आणि त्याच्यामागून कामगाराच्या खांद्यावर आली.

दुसरा विमा असू शकतो काय? इटलीच्या वेनेतो प्रांतातील मका उत्पादकांनी याचे उत्तर करून दाखविले आहे. मक्याच्या मुळांना जमिनीतील तारेसारखी अळी लागते. तिच्यासाठीही पेरतानाच औषध देण्याची चाल होती. तेथील संशोधकांनी वर्षानुवर्षे शेते तपासली तेव्हा दिसले की खरे नुकसान फार थोड्या शेतांत होते. तेव्हा शेतकऱ्यांनी एक फंड काढला. औषध घालायचे नाही, हेक्टरी काही थोडे युरो फंडात टाकायचे आणि ज्याचे पीक जाईल त्याला त्यातून भरपाई द्यायची. वर्गणी औषधाच्या किमतीहून पुष्कळ कमी पडली. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा मनोमन हसलो. हा आमचा मदत फंडच की! महिन्याला दहा रुपये टाकावेत आणि ज्याच्या घरी आजारपण येईल त्याला द्यावेत, ही गिरणी कामगारांच्या चाळीतील रीत.

बीटला मात्र हा फंड जसाच्या तसा चालणार नाही, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. मक्याची अळी येथे एक शेत, तेथे एक शेत अशी लागते. पिवळा रोग आला की सारा प्रांत एकदम बुडतो. एकाच वेळी सारी चाळ आजारी पडली तर मदत फंड दोन दिवसांत आटेल. म्हणून अशा फंडात केवळ शेतकऱ्याची वर्गणी पुरणार नाही. साखर विकणाऱ्या कारखान्याची, गोळ्या-बिस्किटे करणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाची आणि सरकारची भर पाहिजे. शिवाय संशोधन पाहिजे. रोगाला टिकून राहणारे वाण, बीटच्या ओळींत सुरुवातीला ओट किंवा सातू पेरून माव्याला चकविणे, मावा खाणाऱ्या किड्यांच्या अळ्या सोडणे, असे प्रयोग फ्रान्समध्ये चालले. एकट्या कोणत्याच उपायाला लेपाची सर नाही. तीन-चार मिळून काही भागेल, उरलेली जोखीम फंडाने वाहावी. कारखान्याला माल कमी पडला तर कामगाराची मजुरीही त्याच फंडातून काही काळ चालली पाहिजे. बंदीच्या हुकुमाबरोबर, त्याच कागदावर, हे लिहिले गेले असते तर ट्रॅक्टर पॅरिसला आले असते असे आम्हांला वाटत नाही.

आपण म्हणाल, दुसऱ्याला उपदेश सोपा. म्हणून आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती आमच्या कमीपणाची आहे.

फार वर्षांपूर्वी आमच्या युनियनकडे एक कारखाना होता. नाव सांगत नाही. तेथे कीटकनाशके डब्यांत आणि पिशव्यांत भरण्याचे काम चाले. कामगारांचे डोळे चुरचुरत, डोके धरे, काहींचे हात कापत. आम्ही तीन मागण्या केल्या. हवा ओढून घेणारे पंखे, चांगले मुखवटे आणि दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. वाटाघाटी लांबल्या. शेवटी व्यवस्थापनाने प्रस्ताव ठेवला की पंखे आणि तपासणी सोडा, त्याऐवजी दरमहा धोका भत्ता घ्या. घरात दिवाळीची ओढ होती. आम्ही सही केली. फाटकावर आम्हांला हार घातले गेले. गुलाल उधळला गेला.

चार-पाच वर्षांनी त्यांतील एक भरणीवाला, वय चाळिशीच्या आत, हात थरथरतात म्हणून कामावरून कमी झाला. त्याची बायको आमच्या कचेरीत आली. म्हणाली, “अण्णा, हे त्या भुकटीनंच झालं, तुम्ही कोर्टात सांगा.” आम्ही काय सांगणार? ते औषधामुळेच झाले याला पुरावा लागतो. पुरावा रक्ताच्या तपासणीतून मिळाला असता आणि ती तपासणी आम्ही भत्त्यात विकून टाकली होती. त्या बाईने आम्हांला दोष दिला नाही. चहा न घेताच ती गेली. तेव्हापासून जोखमीचे पैसे करून वाटून घेणे आणि जोखीम कमी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आम्हांला कोणी शिकवावे लागले नाही.

म्हणूनच बीट उत्पादकांना फंड द्या असे म्हणताना आम्ही विष परत आणा असे म्हणत नाही. भरपाई हवी ती विष सोडल्याबद्दल. विष सोसल्याबद्दलचा भत्ता नको.

आपल्या मुलखाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. 2002 साली सांगली जिल्ह्यात उसावर पांढरा लोकरी मावा आला, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पाने पांढरी झाली, खाली चिकटा गळू लागला, त्यावर काजळी धरली. पुरुषभर उंच उसात फवारणी करणे म्हणजे माणसानेच औषधाने न्हाणे. शेवटी उपयोगी पडले ते मित्रकिडे. डिफा आणि मायक्रोमस या किड्यांच्या अळ्या लोकरी मावा फडशा पाडून खातात, असे दिसून आले. त्या वाढवून शेतांत सोडल्या गेल्या आणि काही वर्षांत साथ आटोक्यात आली. अर्थात हा मावा स्वतः रस पिऊन नुकसान करीत होता. बीटच्या माव्यासारखा तो विषाणू वाहून आणीत नव्हता. त्यामुळे मित्रकिड्यांना खाऊन संपविण्यास सवड मिळाली. बीटवर चार मावे आले तरी रोग लागतो. आपला उपाय तेथे जशाचा तसा चालेल, असे म्हणणे फसवे ठरेल.

आणि 2017 सालचे यवतमाळ आपण विसरता कामा नये. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे त्या हंगामात दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. त्यांत स्वतःच्या शेतात फवारणारे होते, तसे रोजाने दुसऱ्याच्या शेतात फवारणारेही होते. युरोपात जो प्रश्न मधमाशीच्या नावाने विचारला गेला, तो आपल्याकडे पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या नावाने विचारावा लागतो. एवढेच नव्हे, युरोपाने आपल्या शेतांत बंद केलेली औषधे त्यानंतरही युरोपातून बाहेरच्या देशांना विकली जात राहिली. म्हणजे तेथील मधमाशीला जो कायदा मिळाला, तो आपल्या मजुराला अद्याप मिळावयाचा आहे.

आज ना उद्या आपल्याकडेही एकेक औषध बंद होईल, व्हावेच लागेल. त्या दिवशी आपण कोणत्या बाजूला उभे राहणार? बंदी हवी म्हणणाऱ्यांत राहावे, असे आमचे मत आहे. पण त्याच सभेत उठून दोन प्रश्न विचारावेत. पहिला, ज्याचे पीक यामुळे जाईल त्याला कोण उभा करणार? दुसरा, ज्याची मजुरी जाईल त्याचे नाव या कागदावर कोठे आहे? ही दोन उत्तरे ज्या बंदीत असतील ती टिकेल. ज्या बंदीत नसतील ती पहिल्या उबदार हिवाळ्यात मोडेल, मग पुन्हा लागेल, पुन्हा मोडेल, आणि मधमाशी, शेतकरी, कामगार या तिघांनाही तिचा जाच होईल.

आमच्या सहकाऱ्याला आम्ही कचेरीत एवढेच उत्तर दिले होते, “अरे, बीट त्यांचे असेल, हिशेब आपलाच आहे.” तो आज शेवटच्या रांगेत बसला आहे. त्याला पटले की नाही हे आम्ही घरी जाताना विचारू.